तोळाभर शिसे

आमच्या मराठी भाषेत 'गोळी' या शब्दाला फार कामे करावी लागतात. डोके दुखले की आपण गोळी घेतो, पोर रडले की त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवतो, आणि सीमेवरचा जवान छातीवर झेलतो तीही गोळीच. अनेकार्थी शब्द शिकवताना हे उदाहरण मी गेली वीस वर्षे देत आलो आहे, आणि मागच्या बाकावरची मुले त्याला भांगेच्या गोळीची जोड देऊन हशा पिकवीत आली आहेत. पण २०२३ सालच्या दिवाळीत, एका अमेरिकन दुकानात भिंतभर रचलेल्या पेट्यांपुढे उभे राहून हरणासाठी कोणती गोळी घ्यावी याचा खल ऐकण्याचा योग मजसारख्या मराठीच्या मास्तराच्या पत्रिकेत असेल, असे कुणी सांगितले असते तर मी त्या ज्योतिषाची दक्षिणा परत मागितली असती!

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट क्लाउड या गावी असतो. मिसिसिपी नदी त्या गावातूनच वाहते. मात्र भूगोलाच्या पुस्तकातली ती महानदी तिथे अजून परकरी वयात आहे. कॉलेजच्या सुटीला थोडी रजा जोडून आणि चकल्या-करंज्यांचे डबे विमानाच्या वजनात कसेबसे बसवून ऑक्टोबरच्या अखेरीस मी तिकडे पोचलो. निमित्त दिवाळीचे होते, कारण निराळे होते. लग्नानंतर सात वर्षांनी भावजयीला दिवस गेले होते. पाचवा महिना सरत आला होता. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. सौभाग्यवतींना शाळेतून रजा मिळेना. तेव्हा घरातले वडील माणूस म्हणून माझी रवानगी झाली. बाळंतिणीच्या डिंकाची पिशवीही बरोबर होती. ती विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तीनदा हुंगून पाहिली.

भावाच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. वय बहात्तर, जन्म गावाबाहेरच्या शेतावरचा, पूर्वज जर्मनीतून आलेले. पत्नी निवर्तलेली, मुले दूर. भावाच्या संसारावर त्यांचा फार लोभ. हिवाळ्यात हा उठण्यापूर्वीच ते याच्या दारातले बर्फ काढून ठेवतात, आणि दर वर्षी नोव्हेंबरात पांढऱ्या जाड कागदात बांधलेली पाच-सहा पुडकी आणून देतात. हरणाचा खिमा! आम्ही मूळचे कोकणातले, मासळी-मटण खाणारे. तेव्हा त्यात विटाळ मानण्याचा प्रश्न नव्हता. भावजय त्याला आईच्या हातचा मालवणी मसाला लावून तो शिजवी आणि एक वाटी म्हातारबुवांना देई. घाम पुसत पुसत ते ती संपवीत. असा तो सात वर्षांचा व्यवहार.

मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भावजयीने मला एकटे गाठले.

"दादा, एक काम आहे. यांच्यानं व्हायचं नाही, हे भिडस्त. आजोबांना सांगायचंय की या वर्षी खिमा नको."

"मग सांगावं की. डोहाळे म्हणून सांगावं."

"डोहाळे नाहीत हो दादा. त्यात शिसं असतं."

मला वाटले, पोटुशीच्या मनाचे हे खेळ. पण पोरगी रसायनशास्त्राची पदवीधर. तिने सरकारी आरोग्यखात्यांची पत्रके वाचून ठेवली होती, आणि ती माझ्यापुढे मांडली. शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यात २००८ साली एका डॉक्टरांनी गरिबांना वाटण्यासाठी शिकाऱ्यांनी दान केलेल्या खिम्याची शंभर पुडकी क्ष-किरणांखाली धरली. निम्म्याहून अधिक पुडक्यांत धातूचे कण चमकले. राज्याच्या आरोग्यखात्याने तो खिमा फेकून द्यायला सांगितले, आणि गरोदर स्त्रिया व सहा वर्षांखालील मुले यांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचे मांस खाऊ नये असा सल्ला दिला. शरीराला शिसे आणि चुना यांतला भेद नीट कळत नाही. चुन्याच्या जागी ते शिसे हाडांत साठवते, आणि आई होऊ घातलेल्या बाईच्या हाडांतला चुना बाळासाठी निघू लागला की त्याच्याबरोबर हे साठवणही बाहेर पडते आणि नाळेतून थेट आत जाते. तिथे तयार होत असतो मेंदू.

"सात वर्षं खाल्लंय दादा," ती म्हणाली. एवढेच म्हणाली.

तिच्या डॉक्टरांनी रक्त तपासले होते आणि काळजीचे कारण नाही असे सांगितले होते. पण असले आश्वासन कानापर्यंत जाते, पोटापर्यंत नाही. घरातले वडील माणूस म्हणून आलो होतो. कामगिरी अंगावर पडली.

आता मुळात हरणे मारायचीच कशाला, हा प्रश्न तुमच्याप्रमाणे माझ्याही मनात आला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चितळावर गोळी झाडणारा तुरुंगात जातो, आणि ते योग्यच आहे. तिकडची गोष्ट वेगळी. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे अमाप. लांडगे फक्त उत्तरेच्या रानात उरलेले. त्यामुळे ही हरणे पिकांत शिरतात, मोटारींवर आदळतात. म्हणून नोव्हेंबरात थोडे दिवस बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असतो. परवाना घ्यायचा, मारलेल्या जनावराला चिठ्ठी बांधायची, सरकारदरबारी नोंद करायची. २०२३ साली हा हंगाम ४ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता आणि लक्ष्मीपूजन होते १२ तारखेला. म्हणजे गावात एकीकडे आमची दिवाळी आणि दुसरीकडे त्यांची!

म्हातारबुवा काडतुसे घ्यायला निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. वाटेत बोलायचे असे ठरवून चार वाक्ये पाठ केली होती; ती सर्व विसरून मी एकदम म्हणालो, "आमच्या सूनबाईला या वर्षी खिमा चालणार नाही. गोळीतल्या शिशामुळे."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रोफेसर, माझा बाप शिशाच्या गोळीनं मारलेलं हरीण जन्मभर खात आला. एक्क्याण्णव वर्षं जगला." थोड्या वेळाने पुन्हा, "डाकोटातल्या सातशेवर लोकांचं रक्त तपासलं होतं. शिकार खाणाऱ्यांत शिसं थोडंसंच जास्त निघालं. धोक्याच्या रेषेपलीकडे एकही नव्हता. तेही वाचलंय ना तुम्ही?"

तेही खरे होते. भावजयीच्या कागदांत ते होते. धोक्याची ती रेषा त्या काळच्या समजुतीने आखलेली; लहान मुलाच्या बाबतीत अमुक इतके शिसे निर्धोक अशी रेषाच सापडलेली नाही, असे आता तिथले रोगनियंत्रण खाते म्हणते. पण हे मी बोललो नाही. सात वर्षे प्रेमाने आणून दिलेल्या अन्नाला आपण विष म्हटले, हे त्या माणसाच्या कानशिलाकडे पाहून कळत होते.

दुकान म्हणजे आपल्याकडचे एखादे मोठे औषधाचे दुकान डोळ्यांपुढे आणा. तशीच फळ्यांवर फळ्या, तशाच लहान लहान पेट्या, आणि गिऱ्हाईक तसेच गोंधळलेले. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते खरे काडतूस. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की नळी मागे राहते. जाते ती फक्त गोळी. तिचे वजन पेटीवर ग्रेनमध्ये छापलेले असते. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आपल्या गुंजेचाच भाऊबंद. इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. इंग्रजांनी आपल्याकडे तोळ्याचे वजन ठरवले ते बरोबर १८० ग्रेनांचे. फळीवर १८० ग्रेनांची गोळी होती, म्हणजे नेमकी तोळाभर! १५० ग्रेनांची म्हणजे दहा मासे. म्हातारबुवांना हे सांगितले तेव्हा गाडीतल्या प्रकारानंतर ते प्रथमच हसले. "मग तुमच्या सोनाराला विचारू या कुठली घ्यायची ते."

त्यांच्याकडची रायफल वडिलांची, विंचेस्टर कंपनीची १८९४ च्या नमुन्याची, चापाखालची कडी खाली-वर ओढून काडतूस भरायची. तिला लागणारे काडतूस 'थर्टी-थर्टी' नावाने ओळखले जाते. ते १८९५ साली बाजारात आले आणि त्याने अमेरिकेत किती हरणे पाडली असतील याची गणतीच नाही. तिची गोळी टोकदार नसते, तोंडाशी सपाट असते. मला वाटले जुनेपणामुळे. पण कारण मोठे गमतीचे. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक उभी राहतात, रेशनच्या रांगेतल्यासारखी. मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेले. टोक अणकुचीदार असले आणि बंदुकीला धक्का बसला तर मागची गोळी पुढच्याच्या टोपीवर आपटायची, आणि बार व्हायचा तो शिकाऱ्याच्या हाताखालीच.

त्या फळ्यांपुढे तासभर उभे राहून मला समजले ते असे. नवशिका गिऱ्हाईक विचारतो, सर्वांत जोरदार कोणती? जाणता विचारतो, माझे जनावर केवढे, मी किती लांबून मारणार, आणि माझी रायफल गोळी किती वेगाने फेकते? हरणाच्या पुढच्या पायामागे, छातीत, हृदय आणि फुप्फुसे मिळून जेवणाच्या ताटलीएवढी जागा असते. गोळीने तिथे जाऊन फुलायचे असते. नुसतीच सुईसारखी आरपार गेली तर जनावर कोसभर धावते आणि कुठेतरी झुडपात तासन् तास तडफडते. फार मऊ असली आणि फार वेगात आली तर खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा होतो, आत काही पोचत नाही, तेही तडफडणेच. म्हणून हरणाच्या गोळीत शिशाचा गर, त्यावर तांब्याचे पातळ कवच, आणि तोंडाशी थोडे शिसे उघडे. लागताच ते तोंड पसरते आणि गोळी अळंबीसारखी होते.

हीच युक्ती आपल्या देशात फार कुप्रसिद्ध झाली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी सैनिकी गोळीच्या टोकावरचे कवच काढून टाकले, कारण सरहद्दीवरचे पठाण पूर्ण कवचाची गोळी लागूनही अंगावर चालून येत. त्या 'डमडम' गोळीची जगभर छीथू झाली आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत, शरीरात फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असा ठराव झाला. आणि मिनेसोटाचा कायदा सांगतो, हरणावर झाडायची गोळी फुलणारीच हवी! माणसाच्या बाबतीत जे क्रौर्य ठरले तेच हरणाच्या बाबतीत दया म्हणून सक्तीचे. मला प्रथम हे तर्कट वाटले. पण युद्धात शत्रूला जखमी करून बाजूला सारले की काम भागते. शिकाऱ्याला जखमी करण्याचा अधिकारच नाही.

फुलणाऱ्या शिशाची एक खोड अशी की फुलता फुलता ते झडते. जॉन नॉस्लर नावाचा एक शिकारी १९४६ साली कॅनडात गेला असता चिखलाने माखलेल्या एका प्रचंड मूसवर त्याच्या गोळ्या वरच्यावरच फुटल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचे शिसे फुटले तरी मागचे शाबूत राहावे म्हणून. युक्ती जनावर पाडण्यापुरती उत्तम होती. पण पुढचे शिसे जायचे तिथे जातच होते. हे झडलेले कण डोळ्यांना दिसत नाहीत. मिनेसोटाच्याच निसर्गखात्याने मेंढ्यांच्या कलेवरांवर गोळ्या झाडून पाहिले, तेव्हा ते जखमेपासून वीतभराहून दूर सापडले. धुतल्याने जात तर नाहीतच, उलट पाण्याबरोबर आणखी पसरतात. १९८९ साली बार्न्स कंपनीने शिसे अजिबात नसलेली, सबंध तांब्याची गोळी काढली. तिच्या तोंडाशी पोकळी असते; लागताच चार पाकळ्या उघडतात, पण झडत नाहीत. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी आता तिच्यासारखी बिनशिशाचीच गोळी लागते. तिथले काँडर जातीचे प्रचंड गिधाड १९८२ साली सारे बावीस उरले होते, आणि गोळी लागलेली मेलेली जनावरे खाऊन तेही शिशाने मरत. म्हणून १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिशाला बंदी आली. मिनेसोटात त्या वर्षी हरणांच्या हंगामाला अशी सरसकट सक्ती नव्हती. तिथे ज्याचा त्याचा विवेक आणि ज्याचा त्याचा खिसा. कारण तांब्याची पेटी शिशाच्या जवळजवळ दीडपट महाग.

आपण या बाबतीत नाक वर करावे असेही नाही. देवाच्या मूर्तीला आपण फासतो तो शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म, आणि हळदीला पिवळा तजेला यावा म्हणून तिच्यात शिशाचा रंग मिसळणारे व्यापारी आपल्याच बाजारात सापडलेले आहेत. असो.

म्हातारबुवांनी शेवटी दोन पेट्या घेतल्या. एक नेहमीची, शिशाची, १७० ग्रेनांची. दुसरी तांब्याची, सपाट तोंडाची, १५० ग्रेनांची. तांबे शिशाहून हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते; म्हणून तांब्यात एक पायरी खाली उतरायचे. मी काही विचारले नाही. त्यांनीही काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर गेलो. शंभर पावलांवर कागदी ताटल्या लावल्या. हरणाच्या छातीचे माप तेच. शिशाच्या तीन गोळ्या ताटलीच्या मधोमध, एका रुपयाच्या नाण्याखाली दोन तरी झाकतील अशा. मग तांब्याच्या तीन. तिन्ही खाली आणि उजवीकडे; एक तर ताटलीबाहेर. प्रत्येक रायफलीला आपले आवडते खाणे असते म्हणतात. सत्तर वर्षे एका चवीची सवय झालेली ती बंदूक नव्या पदार्थाला तोंड वाकडे करीत होती. म्हातारबुवा माशी खालीवर करीत, पुन्हा झाडीत, पुन्हा चष्मा पुसत. पेटीतली अकरा काडतुसे संपली तेव्हा गोळ्या ताटलीत आल्या. मधोमध नव्हेत, पण ताटलीत.

"साठ पावलांच्या आत आलं तरच," ते स्वतःशीच म्हणाले. तांब्याला उघडायला वेग लागतो, आणि या जुन्या काडतुसाचा वेग लांबवर टिकत नाही, हे दुकानदाराने सांगितलेच होते.

४ तारखेच्या पहाटे, खरे म्हणजे रात्रीच, आम्ही त्यांच्या भावाच्या शेतालगतच्या रानात मचाणावर चढलो. कायद्याप्रमाणे दोघांच्या अंगात झळझळीत नारिंगी डगले आणि टोप्या. हरणाला तो रंग भडक दिसत नाही, माणसाला दिसतो. एकमेकांना मारू नये म्हणून ही योजना. मला मात्र आपण कुंभमेळ्याला निघालो आहोत असे वाटत होते. अंधारात त्यांनी काडतुसे भरली, कट् कट् आवाज झाला. कोणती भरली ते दिसले नाही.

मचाणावर बोलायचे नसते. थंडीने कान जळत होते. त्या तासाभरात मला आमच्या आजोबांची आठवण झाली. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. दारू, चिंध्यांचा बोळा आणि वर शिशाची गोळी, अशी गजाने ठासून भरायची. माशांच्या जाळ्याचे शिसे लोखंडी पळीत वितळवून ते गोळ्या घरीच ओतीत, आणि आजी तीच पळी घासून पुन्हा फडताळात ठेवी, असे आई सांगे. एकदा त्यांचा बार भेकराच्या पोटात बसला. भेकर गेले. दोन दिवस त्यांनी रान धुंडाळले. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. आजोबा घरी आले, बंदूक माळ्यावर टाकली आणि पुन्हा काढली नाही. कायदा व्हायला तेव्हा अवकाश होता. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात राजाच्या बाणापुढे तपस्वी आडवे येतात. आमच्या आजोबांपुढे कुणी आले नाही, त्यांना कावळे पुरले.

घड्याळे अजून उन्हाळी वेळेवर होती, त्यामुळे सूर्य उगवायला आठ वाजत आले होते. उजाडले आणि झाडांच्या राखी खोडांतले एक खोड हलले. नर होता. मान खाली घालून, वास घेत, थांबत थांबत येत होता. शंभर पावले. ऐंशी. म्हातारबुवांनी रायफल खांद्याला लावली, आणि झाडली नाही. माझ्या छातीतले ठोके मलाच ऐकू येत होते. हरीण वळले, फांद्यांआड गेले. आता संपले, असे वाटले. मग ते दुसऱ्या बाजूने बाहेर आले, पन्नास पावलांवर, आडवे. बार झाला.

ते उसळले आणि धावत सुटले. मी उठू लागताच म्हाताऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अर्धा तास बसायचे असते. लगेच पाठलाग केला तर जखमी जनावर आणखी पळते. तो अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. हात थरथरत होता. गोळी ताटलीच्या कडेला लागली असेल तर काय, हे त्यांच्याइतकेच मलाही कळत होते.

खाली उतरलो. पानांवर रक्त होते, फेसाळ, तांबडेलाल. "फुप्फुस," ते म्हणाले आणि त्यांनी श्वास सोडला. सत्तर पावलांवर ते पडलेले होते. पडल्यावर पाय झाडल्याची खूणही मातीत नव्हती. डोळे उघडे होते. मी उगीच टोपी काढली.

म्हातारबुवांनी जनावर तिथेच साफ केले. आतडी-कोथळा रानातच ठेवायचा असतो. गरुड, कावळे, कोल्हे खातात. ते काम आटोपून हात पुसताना ते बोलू लागले. काही वर्षांपूर्वी हंगामानंतर याच शेताच्या बांधावर त्यांना एक पांढऱ्या डोक्याचा गरुड सापडला होता. मान टाकलेला, उडता येत नव्हते, पंजे वळलेले. घोंगडीत गुंडाळून, खोक्यात घालून, ते त्याला सव्वाशे किलोमीटरवर सेंट पॉलला, विद्यापीठाच्या शिकारी पक्ष्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. क्ष-किरणांत पोटात तांदळाच्या कणीएवढे शिसे दिसले. दुसऱ्या दिवशी गरुड मेला. तिथे म्हणे दर हिवाळ्याला असे गरुड येतात.

"तो कोथळा माझ्याच हरणाचा होता की दुसऱ्याच्या, कोण सांगणार? मी स्वतःला सांगितलं, दुसऱ्याच्या." त्यांनी डगल्याच्या खिशातून उरलेली काडतुसे काढून तळहातावर धरली. टोके एका रंगाची होती, लालसर. कुठेही शिशाचा करडा ठिपका नव्हता. "तुमच्यावर गाडीत रागावलो त्याचं कारण हे. तुम्ही नवीन काही सांगितलं नव्हतं."

गाडीपर्यंत हरीण ओढीत नेताना बुवांनी मला त्यांच्या आजीच्या जर्मन भाषेतला एक शब्द सांगितला. 'टीअर' म्हणजे कुठलेही जनावर. इंग्रजीतला 'डीअर' त्याचाच सख्खा. मी म्हणालो, आमचा 'मृग'ही पूर्वी कुठलाही वनपशूच होता, पुढे आखडून हरीण झाला. धापा टाकीत दोन म्हातारे होत चाललेले गृहस्थ व्युत्पत्तीवर बोलत आहेत, हे दृश्य त्या रानाने पूर्वी पाहिले नसावे.

त्यांनी मांस आपल्या हातांनी, आपल्याच यंत्रात काढले. जखमेभोवतीचा भाग वीतभर कापून टाकला. यंत्र आधी उकळत्या पाण्याने तीनदा धुतले. गेल्या वर्षीचे काही राहिले असेल म्हणून. मी पांढरे कागद फाडून देत होतो. दर वर्षी पुडक्यावर ते तारीख लिहीत. या वेळी पेन हातात धरून थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्या अक्षरांत लिहा. तिला लगेच दिसायला पाहिजे." मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, आणि ते पाहून त्यांनी बाकीच्या पाच पुडक्यांवर, जीभ दातांत धरून, पहिलीतल्या मुलासारखे तेच गिरवले. मात्रा दोन ठिकाणी उलटी पडली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही, ते काही बरे दिसले नसते. पाडव्याला भावजयीने एक पुडके सोडले. सोडण्यापूर्वी कितीतरी वेळ ते हातात धरून बसली होती. भाऊ कामावरून आला, त्याने ओट्यावरचा कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला.

"दादा, हे 'तांबे' कोण?"

"लावा हात-पाय धुवून," भावजय म्हणाली, "आणि आजोबांना हाक मारा. आज त्यांना दोन वाट्या."